पहिली टिक्की कोणाची

कोर्टाच्या मागच्या फाटकाला लागून टिक्कीची गाडी लावणाऱ्या या गृहस्थांना आईबापांनी ठेवलेलं एक नाव आहे. ते गाडीच्या परवान्यावर छापलंय, आणि परवाना कोणीच वाचत नाही, तो तपासायला येणारे तर मुळीच नाहीत. सगळा रस्ता त्यांना 'पहिलीवाले काका' म्हणतो. कारण सरळ आहे. तव्यावरच्या प्रत्येक घाण्यातली पहिली टिक्की काका स्वतः खायचे. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत, उभ्याने, मोडून, आतला पांढरा बटाटा सगळ्यांना दाखवून. मग डोळे मिटून सावकाश चावायचे. समोर वकील, टायपिस्ट, पट्टेवाले, तारखेला आलेले पक्षकार, सगळे हातात कागदी बशा धरून गप्प. आत निकाल वाचतानासुद्धा इतकी शांतता नसते. मग काका घशातून एकच आवाज काढायचे, "हं." आणि म्हणायचे, "घ्या."

'हं' झाल्याशिवाय टिक्की मिळायची नाही. एखादा उतावळा हात पुढे आलाच तर काका उलथणं त्याच्या बोटांवर रोखायचे.

"थांबा. आधी मी जगतो का ते बघा."

हा तोरा त्यांना असाच मिळालेला नव्हता. तरुणपणी ते बटाट्याच्या वखारीत पोती उचलायचे. पाठ कामातून गेली तेव्हा गाडी लावली. जरा जम बसतोय तोच कोर्टात आलेला कोणी पक्षकार बाकावर बसल्या बसल्या उलट्या करायला लागला. त्याने सकाळपासून काय काय पोटात ढकललं होतं, की नुसत्या तारखेच्या धसक्यानेच त्याच्या पोटात गोळा आला होता, हे कोणी विचारलं नाही. बोट थेट रस्त्याकडे. म्हणे सडके बटाटे. लगोलग तपासनीस आले, मागोमाग गाड्या उचलायला टेम्पो आला. आम्ही फेरीवाल्यांच्या संघटनेने घोषणा दिल्या, निवेदन दिलं, निवेदनाची पोच घेतली. काकांनी यातलं काहीच केलं नाही. तवा तापवला, पहिली टिक्की उचलली, तपासनिसाच्या नाकासमोर मोडली आणि खाल्ली.

"हे लोक जे खातील ते आधी मी खाईन. दर घाण्याला. मी मेलो की गाडी उचला."

टेम्पो रिकामा गेला. आमचं निवेदन अजून कुठल्या तरी कपाटात झोपलंय.

तेव्हापासून तो नेम झाला. सांगा, अशी माणसं किती आहेत आपल्याकडे? शाळा काढणारा स्वतःच्या पोरांना दुसऱ्याच शाळेत घालतो. नळाचं पाणी शुद्ध आहे असं भाषण ठोकणारा अधिकारी भाषणाच्या मध्ये बाटलीतलं पाणी पितो. आणि इथे फुटपाथवरचा एक माणूस आपण विकतो ते स्वतः आधी खाऊन दाखवत होता. त्याने जरा नाक वर केलं तर बिघडलं कुठे?

बिघडलं ते शरीरात. शरीराला सचोटी कळत नाही, तेल कळतं. एके दिवशी बटाट्याची पाटी उचलताना काकांच्या छातीत कळ आली आणि ते फाटकाच्या कट्ट्यावर बसले ते उठेनात. काकूंनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बोलायला उलथण्यापेक्षा धारदार.

"तळलेलं बंद."

"बंदच आहे," काका म्हणाले. "फक्त पहिली खातो."

"पहिली म्हणजे सकाळची?"

"नाही. घाण्याची."

"दिवसात किती घाणे काढता?"

काका छताकडे बघायला लागले. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, ते नका विचारू. त्यांना कळ आली, ऐकून तुम्हाला यायची."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काका, एक ठरवा. नेम पाहिजे की नेम करायला माणूस पाहिजे."

घरी आल्यावर दोघं समोरासमोर बसली. काका म्हणाले, उद्यापासून मी पहिली खाल्ली नाही तर परवापर्यंत सगळं कोर्ट म्हणेल, तेलात काहीतरी आहे, म्हाताऱ्याने स्वतः सोडली. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडे माणसाच्या चांगल्या सवयीवर कोणी विश्वास ठेवत नाही, ती सुटली की मात्र तिचा अर्थ लावायला सगळे तयार. गाडी गेली असती एक वेळ, पण 'पहिलीवाला खोटा' हे ऐकायला लागलं असतं, आणि ते ऐकण्यापेक्षा त्यांना दुसरी कळ परवडली असती.

"म्हणजे पहिली खायचीच आहे," काकू म्हणाल्या.

"खायचीच आहे."

"मग ती तुमची नको. माझी खा."

अशी ती घरच्या टिक्कीची सुरुवात. तव्यावर बाकीच्यांसारखी दिसली पाहिजे, आणि काकांच्या छातीला कळता कामा नये की ती टिक्की आहे. काकूंनी पहिल्या दिवशी बटाटा निम्मा केला आणि उरलेल्या जागी उकडलेला वाटाणा, कोबी, गाजर असं सगळं कोंबलं. ती तव्यावर पसरली आणि परत गोळा झाली नाही. दुसऱ्या दिवशी घट्टपणासाठी ओट्स घातले, इतके की ती टिक्की हातोडीच्या जागी वापरता आली असती. काकांनी एक घास खाल्ला, दात चाचपले आणि म्हणाले, "हृदयासाठी ठीक आहे. जबड्याचा डॉक्टर वेगळा बघावा लागेल."

"खोड काढायला तोंड आहे ना शाबूत?"

"आहे. म्हणून तर जपतोय."

पण काकू हटणाऱ्यातल्या नव्हत्या. बटाटे सालासकट उकडून पूर्ण गार होऊ द्यायचे, मग कुस्करायचे नाहीत, किसायचे. म्हणजे चिकट होत नाहीत. वाटाणा उकडल्यावर फडक्यात पिळून त्याचं पाणी काढायचं. कोबी बारीक चिरून आधी कोरडाच परतायचा. ओट्स भाजून मिक्सरमधून जाडसर काढायचे आणि मूठभरच घालायचे. मीठ चिमूटभर, त्याची उणीव भरून काढायला आलं, हिरवी मिरची, भाजलेलं जिरं आणि वरून लिंबू. आणि तेल ओतायचं नाही. अर्धा कांदा काट्याला टोचायचा, तेलात जेमतेम बुडवायचा आणि तापलेल्या तव्यावरून फिरवायचा, तेवढंच. वर झाकण, मंद आच, मग झाकण काढून दोन्ही बाजूंनी तांबूस. हे सगळं जमेपर्यंत शेजारणीने दोनदा विचारलं की तुमच्याकडे रंगकाम चाललंय का, काहीतरी करपल्याचा वास येतो.

शेवटी जमलं. बाहेरून हुबेहूब. आतून मात्र हिरवी. आणि ओळखू यावी म्हणून काकूंनी प्रत्येक कच्च्या टिक्कीच्या मधोमध अंगठा दाबून एक खळी पाडली. डब्यात ओल्या फडक्याखाली त्या टिक्क्या काका गाडीवर न्यायचे आणि तव्याच्या कोरड्या काठावर, मधल्या तेलापासून लांब, दर घाण्याला एक ठेवायचे.

पहिल्या दिवशी काकांनी ती उचलली, मोडायला गेले आणि हात थांबला. मोडली असती तर आतली हिरवाई सगळ्यांना दिसली असती. म्हणून त्यांनी ती अख्खी तोंडात टाकली. डोळे मिटले. चावत राहिले. खूप वेळ चावत राहिले. बशा धरून हात अवघडले.

"काका, निकाल राखून ठेवलाय का?" एका टायपिस्टबाईने विचारलं.

"बटाटा नवीन आहे," काका भरल्या तोंडाने म्हणाले. मग 'हं' आलं, पण ते आजाऱ्याने औषध गिळल्यासारखं.

थोडे दिवस असेच गेले. काकांच्या चेहऱ्यावरची सूज उतरली, फाटकाची पायरी ते न थांबता चढायला लागले. काकू खूश, डॉक्टरीणबाई खूश. सगळ्यांत जास्त लक्ष मात्र नोटरीसाहेबांचं होतं.

नोटरीसाहेब म्हणजे फाटकाबाहेर छत्रीखाली टेबल टाकून बसणारे गृहस्थ. दिवसभर 'मूळ प्रतीबरहुकूम' असे शिक्के मारायचे. मूळ प्रत बघायची असते, ही गोष्ट त्यांना कोणीतरी एकदा सांगितली होती, ती त्यांनी मनावर घेतली नाही. वाचल्याशिवाय खरं म्हणणं हा त्यांचा धंदा. पण टिक्कीच्या बाबतीत त्यांना सत्य हवं असायचं.

"काका, पूर्वी तुम्ही मोडून दाखवायचात."

"दात बरे आहेत आता."

"आणि रोज काठावरची, ती खळी असलेली उचलता. मधली नाही."

"काठावरची आधी होते."

"काठावर आच कमी. ती आधी कशी होईल?"

काकांनी तव्यावर उलथणं आपटलं. नोटरीसाहेबांनी ते कबुलीजबाब समजून नोंदवून घेतलं. संध्याकाळपर्यंत फाटकापासून टायपिस्टांच्या रांगेपर्यंत बातमी पोचली होती: मालक स्वतःसाठी वेगळी टिक्की ठेवतो, खळीवाली. आणि मालक स्वतःसाठी ठेवतो म्हणजे ती चांगलीच असणार. यावर कोणाला पुरावा लागला नाही. जन्मभर सगळ्यांनी हेच पाहिलेलं: साहेबाचा चहा वेगळा, साहेबाचा पंखा वेगळा, साहेबाच्या खोलीतलं पाणी थंड. जगात कुठल्या तरी मालकाच्या ताटात कोबी आणि ओट्स पडलेत आणि नोकराच्या ताटात खरा माल, हे कोणाच्या डोक्यात येणार? तिथे कल्पनाशक्तीच पोचत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मागणी सुरू.

"काका, खळीवाली द्या."

"सगळ्या सारख्याच आहेत."

"मग खळीवालीच द्या ना, सारख्याच आहेत तर."

कोर्टाच्या दारात वाढलेली माणसं. त्यांच्याशी बोलण्यात कोण जिंकणार? काका वैतागले, आणि वैतागलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. त्यांनी सगळ्याच टिक्क्यांना खळी पाडली. घ्या, म्हणाले, सगळी खळीवालीच आहे, आता बोला. आपल्या हुशारीवर इतके खूश झाले की त्या सकाळी त्यांनी गाडीवर शीळसुद्धा घातली.

दुपारी गर्दी झाली, म्हणून काकांनी पुढच्या घाण्यांच्याही घरच्या टिक्क्या एकदमच काठावर ठेवून दिल्या. तेलातल्या टिक्क्या झाल्या की काका नेहमीसारखे त्या गरम राहाव्यात म्हणून काठावर सरकवत गेले. आणि मग पहिली उचलायला हात नेला, तो हवेतच राहिला. काठावर सगळ्या तांबूस, सगळ्यांना खळी. आपली कोणती?

समोर लोक उभे. काकांनी मनाचा हिय्या करून एक उचलली आणि अख्खी तोंडात टाकली.

कुरकुरीत पापुद्रा फुटला. आत मऊ, गरम, खारट, तेलाने निथळणारा, नुसता बटाटा. काकांचे डोळे मिटले ते उघडेनात. इतक्या दिवसांची ताटातूट. छातीला बजावून ठेवलेलं सगळं जीभ विसरली. 'हं' जे आलं, ते इतकं लांब आणि इतकं तृप्त आलं की पलीकडच्या स्टॅम्पवाल्याने मान वळवली.

"घ्या," काका पुटपुटले.

नोटरीसाहेबांनी बशी पुढे केली. त्यांच्या नशिबी नेमकी काकूंची आली. त्यांनी चावा घेतला, आत हिरवं बघितलं आणि बशी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"हे बघा. मी म्हणत होतो की नाही? रंग बघा. ही मालकाची. चवच वेगळी. यात काहीतरी आहे."

"काय आहे साहेब?"

"शुद्धता," नोटरीसाहेब म्हणाले आणि घास चघळत राहिले. चघळणं संपेना.

दुसऱ्या बाजूला एका पट्टेवाल्याच्या बशीतही तशीच आली होती. त्याला शुद्धता नको होती, भूक लागली होती. त्याने घास बाहेर काढून बघितला. "काका, यात पुठ्ठा घालता का?"

"माझी पांढरी, याची हिरवी, हे काय आहे?" कोणीतरी मागून म्हणालं. आणि मग तो जुना शब्द आला. भेसळ. आधी कुजबुज, मग जरा मोठ्याने. एकाने फोन काढून तव्याचा फोटो घेतला. एक वकील आपसूक म्हणाला, नमुना जपून ठेवा. टेम्पो रिकामा घालवणाऱ्या माणसाला त्याच्याच तव्यासमोर, त्याच्याच गिऱ्हाइकांनी घेरलं होतं, आणि तोंडातली चव अजून गेली नसल्यामुळे त्याला धड बोलताही येत नव्हतं.

तेवढ्यात काकू आल्या. रोज याच वेळेला त्या उकडलेल्या बटाट्यांचं दुसरं पातेलं घेऊन यायच्या. गर्दीकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. पातेलं ठेवलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि गर्दीतल्या कोणालाच न दिसलेली गोष्ट त्यांना दिसली.

"खाल्लीत ना?"

"कोणती?"

"ओठ बघा स्वतःचे. चकाकतायत."

"अगं, खळी सगळ्यांनाच..."

"सगळ्यांनाच? मी रोज पहाटे उठून वाटाणा पिळते, कोबी परतते, ओट्स भाजते, अंगठा दुखेपर्यंत खळ्या पाडते, ते कशासाठी? तुम्ही ती इतरांना वाटावी आणि आपण तेलातली हाणावी म्हणून? त्या डॉक्टरीणबाईंना काय सांगू मी, यांना ओळखू आली नाही?"

सगळं फाटक ऐकत होतं. नोटरीसाहेबांनी हळूच विचारलं, "म्हणजे ही खळीवाली... पथ्याची?"

"पथ्याची नाहीतर काय? हृदयाच्या पेशंटची आहे."

नोटरीसाहेबांनी हातातल्या उरलेल्या शुद्धतेकडे बघितलं. म्हणाले, "मला पहिल्यापासून शंका होतीच."

काकांनी गॅस बंद केला. धंद्याच्या वेळेत गाडीवरचा गॅस बंद झालेला कोणी बघितला नव्हता, त्यामुळे लोक आपोआप गप्प झाले. काकांनी फडक्याने ओठ पुसले.

"ऐका. मी म्हणायचो, तुम्ही खाता तेच मी आधी खातो. गेले काही दिवस ते खोटं होतं. छातीत कळ आली, तळलेलं बंद झालं. सांगायला लाज वाटली, म्हणून हिच्या हातची खात होतो. बटाटा तोच आहे, तेल तेच आहे, तुम्हाला बटाट्यात फसवलं नाही. तोंडाने फसवलं." त्यांनी उलथणं खाली ठेवलं. "आणि आता विचारलंच आहे तर सांगतो. तुम्हीही रोज खाऊ नका. अधूनमधून या."

फसवल्याचं लोकांनी एका दमात माफ केलं. राग आला तो सल्ल्याचा. रोज खाऊ नका म्हणजे काय? हा कोण सांगणारा? दोन वकील तर या अपमानाने बशा ठेवून निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी बरोब्बर वेळेवर परत आले. पण ते नंतरचं. तेव्हा त्या टायपिस्टबाईने खरा प्रश्न विचारला.

"ते सगळं ठीक आहे काका. पण मग आता पहिली कोण खाणार?"

"मी खाते," काकू म्हणाल्या.

"तू नाही. तू घरची. तुझं 'हं' कोण धरणार?" काकांनी गॅस पेटवला, मधल्या तेलात नवा घाणा सोडला. तेल तडतडायला लागलं. टिक्क्या तांबूस झाल्या तशी त्यांनी एक उचलली, पूर्वीसारखी मोडली, आतला पांढरा बटाटा सगळ्यांना दाखवला आणि बशी नोटरीसाहेबांच्या पुढे धरली.

"ज्याला शंका आहे, पहिली त्याची. फुकट. पण सगळ्यांसमोर, उभ्याने."

नोटरीसाहेब सापडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बघितल्याशिवाय, चाखल्याशिवाय खरं म्हणता येणार नव्हतं. सगळ्या फाटकाची नजर त्यांच्यावर. त्यांनी घाईने घास घेतला, जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, तोंड उघडं ठेवून वाफा सोडल्या. आणि शेवटी घशातून तो आवाज आला.

"हं."

"घ्या," काका म्हणाले.

आता पहिल्या टिक्कीचा नेम पूर्वीपेक्षा जोरात चालू आहे. एकच अडचण झाली आहे. ती फुकट मिळते म्हटल्यावर या फाटकावर शंका घेणाऱ्यांची संख्या फार वाढली आहे. ज्यांनी आयुष्यात साहेबाला एक प्रश्न विचारला नाही, बिलावर, निकालावर, पाण्याच्या रंगावर कधी शंका घेतली नाही, ते सगळे घाण्याच्या वेळी कपाळाला आठ्या घालून पुढे येतात. "मला आज तेल जरा वेगळं वाटतंय." नोटरीसाहेब तर गॅस पेटायच्या आधीच शंका घेऊन उभे असतात. काका कोणाला नाही म्हणत नाहीत. पण ज्याने कालही घेतली होती त्याला म्हणतात, "तुमची शंका कालच फिटली. आज दुसऱ्याची."

घरच्या टिक्कीचंही नाव झालं. टायपिस्टबायांनी काकूंकडून ती शिकून घेतली आणि आता त्यांच्या घरोघरी होते. फक्त एकीने ओट्स काढून टाकले, एकीने कोबी, आणि तव्यावर नीट रंग येत नाही म्हणून सगळ्यांनी मिळून तेल वाढवलं. हेल्दी आहे म्हणून दोन जास्त खातात. काकूंनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी फक्त नवऱ्याकडे बघितलं, तो कोणाकडून ही जास्त तेलाची कृती शिकलेला नाही याची खात्री करायला.

काका आपली टिक्की आता लपवत नाहीत. दुपारी गर्दी ओसरली की गाडीमागच्या खोक्यावर बसतात, डबा उघडतात आणि रस्त्याकडे तोंड करून ती हिरवी टिक्की खातात. काकू शेजारी उभ्या असतात, पातेलं कमरेला लावून.

"हं?" त्या विचारतात.

"मीठ कमी आहे."

"मीठ कमीच राहणार."

काका मान हलवतात आणि डब्यातली दुसरी उचलतात.